गच्चीवर सोलर आलं आणि वॉचमनमामांची खोली गेली

खाडीकाठचा | ऐरोली | रविवार, सकाळी ९.४०

मंडळी, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर (तीन विंग, बहात्तर फ्लॅट) गेल्या महिन्यात ३० किलोवॅटचं सोलर लागलं. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, सगळं आता त्याच्यावर. मी सेक्रेटरी. कोटेशनं मागवण्यापासून नेट मीटरसाठी वीज कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगतो, हौसेनं केलं.

आधी पैशांचं, कारण पहिला प्रतिसाद तोच येणार. पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,०००. म्हणजे आमचे ५ लाख ४० हजार. एकूण खर्च सतरा लाखांच्या आसपास गेला, कारण सांगाडा उंच घेतला, खालून माणूस चालला पाहिजे म्हणून. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट हा ढोबळ हिशेब. जुलैत तो झोपतो, एप्रिल-मेमध्ये उठून बसतो. चार-साडेचार वर्षांत पैसे निघतील. सभेत एकमताने मंजूर. आमच्याकडे दिवाळीच्या कंदिलाचा रंगसुद्धा एकमताने ठरत नाही, यावरून ओळखा.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूमला चिकटून दहा बाय आठची एक खोली आहे. नकाशात ती 'स्टोअर'. तिच्यात अकरा वर्षं आमचे वॉचमनमामा, मामी आणि दोन मुलं राहत होती. कठड्याला लागून मामींनी मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके मांडले होते, मी मोजलेत, नऊ. ओवा, पुदिना, कढीपत्ता आणि तीन खोके नुसता गवती चहा. पावसाळ्यात सर्दी झाली की निम्मी सोसायटी वर जाऊन पाती खुडून आणायची. कुणी विचारायचं नाही, मामीही कुणाला अडवायच्या नाहीत.

ठेकेदाराचा माणूस पाहणीला आला. इन्व्हर्टर आणि त्याचे डबे लावायला कोरडी, सावलीची भिंत हवी म्हणाला. खोली दाखवली. "बस्स, हीच." मी मामांना सांगितलं, पंधरा दिवसांत खाली जिन्याखालच्या जागेत या. मामा म्हणाले, "बरं साहेब." खोकेही हलवले, कारण सांगाड्याचे पाय तिथेच येत होते. आता ते मीटरच्या पॅनेलशेजारी एकावर एक ठेवलेत. तिथे ऊन नाही. गवती चहा पिवळा पडलाय.

काम करायला आलेली दोन पोरं विशीचीसुद्धा नसतील. एक पाण्याच्या टाकीच्या कडेवर उभा राहून केबल ओढत होता, खाली सात मजले. सेफ्टी बेल्ट होता, पण तो रेलिंगला अडकवलेला. फोटो काढायच्या वेळी अंगावर चढला.

हे सगळं तेव्हा मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पुढे गेलो. परवा सभेचं इतिवृत्त टाइप करताना मीच लिहिलेलं एक वाक्य वाचलं: "गच्चीवरील स्टोअररूम रिकामी करून इन्व्हर्टरसाठी उपलब्ध करून देण्यात आली." रिकामी करून. कुणाची होती, कुणी केली, काहीच नाही. त्याच आठवड्यात गावाकडच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सौर प्रकल्पासाठी गायरान देण्याचा कागद फिरत होता. त्यातही जमीन "पडीक" होती आणि ती "उपलब्ध करून देण्यात" येत होती. तीच भाषा. म्हटलं, इथे विचारावं. हरित ऊर्जा हवीच आहे, त्याबद्दल वाद नको. पण ती येताना वाटेत कोण उठतं, हे कुणी जवळून पाहिलंय का?

---

रोखठोक_ठाणेकर | रविवार, १०.०५

अभिनंदन, सोलर लावल्याबद्दल. बाकीचं वाचून वाटलं की मराठी माणूस चांगलं काम करतो आणि लगेच सुतक पाळतो. स्टोअरमध्ये राहणं मुळात बेकायदाच होतं ना? उद्या आग लागली असती तर सेक्रेटरी म्हणून तुम्हीच आत. एका खोलीवरून थेट गायरानावर उडी मारू नका. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, तिथल्या लोकांना विचारा धूळ काय असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याची भिंत फुटली, राख शेतांत आणि नदीत गेली. तुमचा पिवळा गवती चहा त्यापुढे काय?

---

कुरडईवाली | नौपाडा | रविवार, १०.३२

@रोखठोक, अकरा वर्षं बेकायदा नव्हतं, सोलर आलं तेव्हा झालं? आणि स्टोअर बेकायदा तर जिन्याखाली, मीटरच्या पॅनेलशेजारी दोन मुलांसह राहणं कोणत्या नियमात बसतं ते सांगा. आग तिथे आधी लागते, गच्चीवर नाही.

खाडीकाठचा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत हे चांगलं केलंत, पण एक विचारते. मामींना विचारलं होतं का? मामांना नाही, मामींना. 'बरं साहेब' म्हणणारा माणूस पगारावर असतो.

आमच्याकडेही पुढच्या महिन्यात सोलरचा विषय सभेत आहे. आमच्या गच्चीवर अजून कुरडया-सांडगे वाळतात, म्हणून माझं आयडी. तेवढी दोन कोपऱ्यांची जागा सोडा म्हटलं तर कमिटीतले हसले. एका बाईने तर मलाच विचारलं, बाजारात मिळत नाहीत का हो?

---

खाडीकाठचा | रविवार, १०.५०

नाही विचारलं मामींना.

---

पाटणकर_घणसोली | रविवार, ११.४०

वडील माथाडी, तुर्भ्याच्या मार्केटात. आमच्यासारखी पाटण-जावळीकडची शेकडो घरं घणसोली-कोपरखैरण्यात आहेत, हे इथल्यांना सांगायला नको. आमचं गाव वनकुसवड्याच्या पठाराखाली. पठार म्हणजे आमच्याकडे 'सडा'. खडक, त्यावर वीतभर माती, पावसाळ्यात नाचणी-वरी आणि बाकी वर्ष गुरं.

नव्वदीच्या शेवटी पवनचक्क्यांसाठी जमिनी घ्यायला माणसं यायला लागली. कंपनीचा माणूस कधीच आला नाही, आला तो दलाल, आणि तोही शेजारच्या गावचा, ओळखीतला. आज्याला म्हणाला, "नाना, सड्यावर काय पिकतंय? वारा पिकतोय, तो त्यांना द्या." आज्याला वाक्य आवडलं. एकरी काही हजारांत सही झाली. वडील तेव्हा इथे पाठीवर पोती वाहत होते, त्यांना गणपतीला गावी गेल्यावर कळलं.

खरी गंमत पुढे. पवनचक्की डोक्यावर, रात्री तिचा लाल दिवा लुकलुकतोय आणि खाली आमच्या घरात लोडशेडिंग. बारा-बारा तास. मी दहावीचा अभ्यास सुट्टीत गावी चिमणीच्या उजेडात केलाय, खिडकीतून तो लाल दिवा बघत.

वाईटच झालं असंही नाही. पात्यांचे ट्रेलर वर न्यायचे म्हणून रस्ता झाला. आधी आजारी माणसाला डालग्यात घालून खाली आणायचे, आता जीप दारात येते. चुलत्याला तिथे सिक्युरिटीची नोकरी लागली. स्वतःच्याच सड्यावर स्वतःचीच गुरं येऊ नयेत म्हणून राखण करायची नोकरी. तो हसत सांगतो, म्हणून मीही हसत लिहितोय.

विकली नसती आणि भाड्याने दिली असती तर आज चित्र वेगळं असतं, एवढंच माझं म्हणणं.

---

माळढोकच्या_शोधात | रविवार, १२.२५

पाटणकर, तुमच्या सड्यावर एक फार चांगलं संशोधन झालंय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा मोकळा भाग ताडून पाहिला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. घारी-ससाणे कमी झाले म्हणून तिथले पंख्यासारखा गळा फुगवणारे सरडे वाढले, आणि भीतीच उरली नाही म्हणून माणूस जवळ गेला तरी उशिरा पळायला लागले. म्हणजे नुसते पक्षी पात्याला आपटून मरतात हा विषय नाही. आख्खी उतरंड हलते.

आणि माळढोक पक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात मी पाच वेळा जाऊन आलो, एकदाही दिसला नाही, आयडी त्यावरूनच. त्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला, अंग जड, वायर दिसेपर्यंत वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेत उरलेसुरले जिथे आहेत तिथेच सौर आणि पवनचे मोठे प्रकल्प. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला आणि तज्ज्ञ समिती नेमली. सरकारचं म्हणणं, एवढ्या मोठ्या प्रदेशात जमिनीखालून नेणं परवडत नाही, जमतही नाही. त्याच निकालात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क मानलाय. दोन्ही बाजू खऱ्या, एकाच कागदावर.

पण मुंबईला वीज आणणारी कुडूस ते आरे ही एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी लाईन बघा. ८० किलोमीटरपैकी ५० जमिनीखालून. मुंबईसाठी परवडतं.

---

फेज_न्यूट्रल | कळवा | रविवार, दुपारी १.१५

जेवण अर्धवट टाकून लिहितोय, कारण वरच्या शेवटच्या ओळीवर टाळ्या पडतील आणि ती अर्धीच बरोबर आहे. तेहतीस वर्षं वीजक्षेत्रात काढली, आता निवृत्त.

डीसी केबल जमिनीखालून लांब नेता येते. एसी केबल नाही. लांबी वाढली की केबल स्वतःच कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यासारखी वागते, चार्जिंग करंटच इतका खाते की पलीकडे पोचवायला फारसं उरत नाही. दर थोड्या अंतरावर त्याची भरपाई करणारे रिॲक्टर, म्हणजे मोठी कॉइल, बसवावे लागतात. वाळवंटातल्या हजारो मेगावॅटच्या एसी लाईन जमिनीत घालणं खरंच अवघड आहे. मुंबईला लाईन हवी होती याचं कारण सगळ्यांना आठवत असेल, १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार सकाळ. पडघा-कळवा लाईन बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात. लोकल जागच्या जागी. त्या दिवशी मी बाल्कनीत उभा होतो आणि बायको विचारत होती, "तुम्ही निवृत्त झालात म्हणून का?"

आता मूळ प्रश्न. कायद्याने सांगतो, कारण इथेच खरी गोम आहे. औष्णिक केंद्र उभारायचं तर पर्यावरणीय मंजुरी, आणि त्या ओघात जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून सौर प्रकल्प बाहेर आहेत. पवनही तिच्या यादीत नाही. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत सौर 'पांढऱ्या', म्हणजे जवळपास प्रदूषण नसलेल्या गटात. धूर नाही म्हणून सूट, हे तर्काला धरूनच झालं. पण सुनावणी म्हणजे फक्त धुराची सुनावणी नव्हे. गावातल्या माणसाला माईक हातात घेऊन "माझी गुरं कुठे जाणार" हे सरकारी कागदावर नोंदवायची ती एकच जागा होती. धूर गेला त्यासोबत माईकही गेला.

रोखठोक यांचं कोळशाबद्दलचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. राखेत हयात गेलीय माझी.

ता.क. सेक्रेटरीसाहेब, इन्व्हर्टर कोणता आहे? आजकाल बहुतेक आयपी-६५ असतात. बाहेरच्या भिंतीवर वर पत्र्याचं छोटं छप्पर घालून लावतात, पाऊस लागला तरी चालतं. त्याला खोली लागतच नाही.

---

खाडीकाठचा | रविवार, १.४०

आत्ता वर जाऊन स्टिकर बघून आलो. आयपी-६५ आहे.

---

कुरडईवाली | रविवार, १.४३

अरे देवा.

---

परभणी_ते_कळवा | रविवार, दुपारी ४.१०

गायरानाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे गायरान म्हणजे नुसती गुरांची जमीन नाही. ज्यांच्याकडे गुंठाभर नाही अशा लोकांनी, त्यात बहुतेक दलित आणि पारधी, दोन-तीन पिढ्या ती कसलीय. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यातला १९६४ चा देशभरचा. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय निघाला. पण किती जणांच्या सातबारावर खरंच नाव चढलं? ज्याचं चढलं नाही तो आजही 'अतिक्रमणदार'. सोलरवाले आले की पहिला हात त्याच्यावर.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू चांगला आहे, हे आधी कबूल करतो. दिवसा वीज मिळाली तर रात्री दोनला मोटार चालू करायला जाऊन साप चावून मरणं थांबेल, माझा मामेभाऊ तसाच गेला. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. कोरडवाहू शेतकऱ्याला एवढं ज्वारीतून कधी सुटत नाही. पण ज्याच्या नावावर जमीन त्यालाच. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. आणि जो कसत होता त्याला? जी बाई चार शेळ्या त्यावर चारत होती तिला?

कर्नाटकात पावगडला असंच झालंय. २,०५० मेगावॅट, तेरा हजार एकर, शेतकऱ्यांकडून, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाड्याने. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, हे चांगलंच. पण शेती थांबल्यावर मजुराचं काम गेलं, आणि मजुराला कोण भाडं देणार? पॅनेल पुसायला किती माणसं लागतात?

तुमच्या मामांचंही तेच. सातबारावर नाव नव्हतं.

---

दिवागावकर | सोमवार, सकाळी ७.२०

पाटणकरांच्या शेवटच्या ओळीला माझं दोन्ही हात वर करून अनुमोदन. विकू नका, भाड्याने द्या. हे आम्हाला १९७० साली कुणी सांगितलं असतं तर? सिडकोसाठी ठाणे-पनवेल-उरणची ९५ गावं गेली. जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर मिळून पाच जण गोळीला बळी पडले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. जीव गेल्यावर टक्के ठरले. आणि ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना टक्के, मिठागरावर मजुरी करणाऱ्याला काय? परभणीवाले दादा बोलतात तेच.

दुसरं खाडीचं. वीज कुठली का असेना, सौर असो की कोळशाची, शहरात येते ती तारेवरूनच. टॉवर रोवायला रिकामी जागा शोधतात आणि रिकामी म्हणजे नेहमी खाडी, चिखल, कांदळवन. आमच्या आया-बहिणी त्याच चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायला जायच्या. २०१५ ला फ्लेमिंगोसाठी खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ ला पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पाखरांचा मान झाला, आनंद आहे, आमच्या होड्यांवर पर्यटक येतात. पण चिखलातल्या बाईचा कागद अजून कुठल्या यादीत नाही.

आणि ऐरोली-रबाळ्याची ती डेटा सेंटरं. काचेच्या इमारतीवर 'हरित ऊर्जा' लिहिलंय. वीज कुठल्या माळावरची, ते विचारलं तर वॉचमन गेटच्या आत सोडत नाही. गेटवरचा वॉचमनपण आमच्याच गावचा!

---

रोखठोक_ठाणेकर | सोमवार, ९.०५

बरं, इन्व्हर्टरच्या बाबतीत मी चुकलो, ठेकेदाराला धरा. पण सगळ्यांना एक विचारतो. सुनावणी, भाडं, मजुराला भरपाई, तारा जमिनीखाली, सगळं करा. पाच वर्षं जातील. तोवर कोळसा जळत राहील. त्या पाच वर्षांच्या धुराचा हिशेब कोण ठेवणार? उशीर फुकट नसतो, एवढंच.

---

फेज_न्यूट्रल | सोमवार, ९.४०

@रोखठोक, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं अर्धं उत्तर तुमच्या डोक्यावर आहे. गच्च्या. एमआयडीसीतले पत्रे, गोदामं, रेल्वे स्थानकांची छपरं. तिथे ना गायरान लागतं ना लांबच लांब तार. सगळी गरज त्याने भागणार नाही, पण जेवढी भागेल तेवढा माळ वाचतो.

रात्रीचं काय, हा पुढचा प्रश्न. बॅटरी किंवा उदंचन. आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यात चोंढ्याला घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, २००८ पासून. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. आता सह्याद्रीत असे आणखी बरेच येऊ घातलेत. शहापूर म्हणजे मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी देणारा आणि दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागणारा तालुका. पाणी दिलं, आता डोंगरही देणार. पुढचं मी बोलत नाही, पेन्शन चालू आहे.

---

भंगारातून_भूगोल | तुर्भे | सोमवार, रात्री १०.३०

शेवटच्या टप्प्याबद्दल कुणीच बोललं नाही.

१३ मे २०२४ चं वादळ आठवतंय ना, घाटकोपरचं होर्डिंग पडलं तो दिवस. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे वीसेक फुटकी पॅनेल आली. मी समोर उभा होतो. पोरगा पोगराने, म्हणजे छिन्नीने, ॲल्युमिनियमची चौकट पाच मिनिटांत सोडवतो. मागचा डबा उपटतो, त्यातलं तांबं काढतो. राहते ती काच, आत सिलिकॉनच्या पातळ चकत्या आणि मागचा प्लास्टिकचा पडदा, सगळं एकमेकांना असं घट्ट चिकटलेलं की हातोडा मारला तरी सुटत नाही, नुसतं तडकतं. ते कुणी घेत नाही. वजनाचा मोठा वाटा तोच. रात्री टेम्पोत भरून नाल्याकाठी. सांध्यांच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, पावसाळ्यात ते कुठे जातं ते दिवागावकर सांगतील.

कायदा आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात सौर पॅनेल आलीत. उत्पादकाने २०३४-३५ पर्यंत हा कचरा साठवून ठेवायचा आहे. पण तो त्याच्यापर्यंत पोचला तर! सेक्रेटरीसाहेबांचं गणित करून देतो. ३० किलोवॅट म्हणजे साधारण ५६ पॅनेल, एकेक २७-२८ किलोचं. दीड टन झालं तुमच्या डोक्यावर. करारात लिहून घेतलंत का, कोण नेणार?

---

सहज_सुचलं | सोमवार, ११.०५

आणि त्या पॅनेलचा जन्म कुठला? जगातला पॅनेल बनवण्याचा जवळपास प्रत्येक टप्पा ऐंशी टक्क्यांच्या वर चीनकडे. पॉलिसिलिकॉनचा मोठा वाटा शिनजियांगचा, तिथल्या उइगुर मुसलमानांकडून सक्तीने काम करून घेतलं जातं या कारणावरून अमेरिकेने जून २०२२ पासून तिथला माल अडवला. अनुदान हवं तर आपल्याकडे सेल आणि मॉड्यूल देशी लागतं, चांगली अट आहे, पण त्याच्या आधीचा वेफर बहुतेक बाहेरूनच येत आलाय. बॅटरीत कोबाल्ट असेल तर तो सत्तर टक्के काँगोचा, खाणीत लहान पोरं. निदान बॅटरी घेताना एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) मागा, तिच्यात कोबाल्ट नसतो.

झोपतो. उद्या ६.४८ ची ठाणे-वाशी पकडायची आहे.

---

पाटणकर_घणसोली | मंगळवार, सकाळी ८.१५

काल रात्री हा धागा वडिलांना वाचून दाखवला. डेटा सेंटरच्या गेटचं वाक्य आलं तेव्हा ते हसले. मग म्हणाले, "त्या वॉचमनला विचारा, गाव कुठलं."

---

खाडीकाठचा | पुढचा रविवार, सकाळी ११.१०

आठवडाभर गप्प होतो, कारण पळापळ चालू होती. क्रमाने नाही, आठवेल तसं लिहितो.

मामांचं गाव विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जव्हारजवळचा पाडा. पाटणकर, तुमच्या वडिलांना सांगा.

ठेकेदाराला फोन केला. इन्व्हर्टर बाहेर लावता आला असता का? म्हणाला, "लागतो की, पण खोली तयार होती म्हणून..." तयार होती! हलवायचे बावीस हजार मागतोय, केबल आणि छप्पर धरून. करारात जुन्या पॅनेलबद्दल एक ओळ नव्हती. आता पुरवणी करार करतोय: खराब झालेली आणि पुढे आयुष्य संपलेली पॅनेल त्याने परत न्यायची, प्रत्येकाचा सिरियल नंबर आमच्याकडे. छपन्न नंबर मी आणि कॉलेजला जाणारी मुलगी दोघांनी शनिवारी टॉर्च घेऊन पॅनेलखाली वाकून उतरवले, पाठ अजून दुखतेय. देखभालीला येणाऱ्या मुलाने बेल्ट लावला नाही तर त्याला गच्चीची किल्ली द्यायची नाही, हे मामांनाच सांगून ठेवलंय. किल्ली त्यांच्याकडेच असते.

मामींशी बोललो, माझ्या बायकोला पुढे घालून. त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं: "वर उन्हाळ्यात भट्टी व्हायची. आता पत्र्यांची सावली पडते, वर बरं होईल. खाली मच्छर लई. पण परत जायचं तर कागद द्या. पुन्हा काही बसवायचं झालं तर?"

कमिटीत बावीस हजारांवर वाद झाला नाही, गंमत म्हणजे. अडलंय ते कागदावर. 'निवास' शब्द लिहिला तर हक्क तयार होतो, असं आमच्यातले एक वकील म्हणतात. 'सेवा काळात वापरासाठी' लिहा म्हणतात. कुणी 'तात्पुरत्या' घाला म्हणतं. मी 'निवास'वर अडून बसलोय, सध्या दोन विरुद्ध पाच. जुनं इतिवृत्त मात्र दुरुस्त केलं. आता त्यात लिहिलंय की खोलीत चार माणसं राहत होती, नावांसकट.

खोके वर गेले. ओवा जगला. गवती चहाचे दोन खोके गेले, एक फुटतोय.

एक मदत हवी. पॅनेलखाली कबुतरांनी संसार मांडलाय. भोवती जाळी लावायची तर काय दर चाललाय, आणि नायलॉन घ्यावी की जीआय?

---

कुरडईवाली | रविवार, ११.२५

जीआय घ्या, नायलॉन आमच्या शेजारच्यांची दोन पावसाळ्यांत गेली. खालून एक फूट मोकळं ठेवा, नाहीतर झाडता येत नाही. आणि 'निवास' सोडू नका.

---

माळढोकच्या_शोधात | रविवार, ११.३१

जाळी लावायच्या आधी घरटी रिकामी आहेत का बघा. पिल्लं असतील तर तीन-चार आठवडे थांबा.

---

रोखठोक_ठाणेकर | रविवार, ११.४०

आता कबुतरांनाही नोटीस पंधरा दिवसांची का?

दर म्हणाल तर आमच्याकडे रनिंग फुटावर घेतला होता. बिल शोधून संध्याकाळी टाकतो.